क्यूसू फुटली? बेताच्या खर्चात नवी जपानी किटली निवडताना

जपानी चहाची किटली, म्हणजे क्यूसू, बहुतेक वेळा फुटते ती धुताना. तोटी स्टीलच्या नळाला लागते, नाहीतर झाकण ग्रॅनाइटच्या ओट्यावरून घरंगळतं. मग लगेच फोनवर शोध सुरू होतो आणि ज्या किटलीचा फोटो देखणा, तीच मागवली जाते. घरी आल्यावर कळतं की चहा थेंबथेंब पडतोय, जाळी तुंबतेय, किंवा दोन कपांसाठी घेतलेली किटली चार कपांची निघाली आहे.

हा लेख ठाणे-नवी मुंबईत जपानी चहा नव्याने करू लागलेल्यांसाठी आहे. बेताचा खर्च म्हणजे आम्ही दीड ते साडेतीन हजार रुपये धरले आहेत. एवढ्यात रोजच्या वापराची चांगली किटली घेता येते, पण पैसे माप, जाळी, झाकण आणि तोटी या चार ठिकाणीच गेले पाहिजेत. रंग, नक्षी, लाकडी खोका, कारागिराची सही हे सगळं त्यानंतर.

नवी घ्यायलाच हवी का?

फुटलं काय ते आधी नीट बघा.

तोटीच्या टोकाचा बारीक टवका उडाला असेल तर किटली वाचू शकते. हार्डवेअरच्या दुकानात वॉटर पेपर मिळतो, तो 400 आणि मग 600 नंबरचा घ्या. कागद आणि तोटी दोन्ही ओली ठेवून कड हळूहळू गुळगुळीत करा. कोरडं घासू नका, मातीची बारीक धूळ श्वासात जाते. नंतर किटली आतून-बाहेरून भरपूर पाण्याने धुवा. धार पूर्वीइतकी सुरेख पडेलच असं नाही, पण ओठाला किंवा बोटाला कापण्याची भीती जाते.

जाळी फाटली असेल आणि ती टोपलीसारखी बाहेर निघणारी असेल, तर फक्त जाळी बदला. किटलीच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा आणि जाळीची खोलीही मोजा. व्यासात दोन मिलिमीटरचा फरक पडला तरी जाळी आत पडते किंवा झाकण बसत नाही.

झाकण फुटलं असेल तर मात्र अडचण आहे. चांगल्या क्यूसूचं झाकण त्याच किटलीच्या तोंडावर घासून बसवलेलं असतं, त्यामुळे त्याच व्यासाचं दुसरं झाकण आणलं तरी ते डुगडुगतं. चहा मुरताना वर बशी ठेवून भागेल, पण ओतताना तिचा उपयोग नाही.

दांडा तुटला किंवा अंगाला तडा गेला असेल तर ती किटली चहातून काढून टाका. फेविक्विक आणि अ‍ॅराल्डाइट यांपैकी काहीही गरम पाणी भरलेल्या भांड्याच्या दांड्याला लावू नका. गरम पाण्याने घरगुती चिकटवणाचा जोड सैल होतो, आणि तो सुटतो तेव्हा पाणी हातावर सांडतं. सोनेरी रेघांनी तडे सांधायचे जे तयार संच मिळतात, त्यांतल्या बऱ्याच संचांत साधं इपॉक्सीच असतं. ते शोभेच्या वस्तूला ठीक आहे, चहाला नाही.

तडा आहे की नुसती रेघ, हे कळत नसेल तर किटली तळहातावर ठेवून नखाने टिचकी मारा. सलग नाद आला तर अंग शाबूत आहे, बद्द आवाज आला तर संशय घ्या. मग कोरड्या टिश्यू पेपरवर ठेवून गरम पाण्याने भरा आणि पंधरा मिनिटं थांबा. कागद ओला झाला की निकाल लागला.

नवी येईपर्यंत चहा बंद करायची गरज नाही. उष्णता सोसणाऱ्या काचेच्या मोजपात्रात पाती भिजवा आणि बारीक जाळीच्या स्टीलच्या गाळणीतून कपात ओता. चव जवळपास तीच येते. हे आवर्जून सांगतोय, कारण तात्पुरती सोय झाली की खरेदीची घाई राहत नाही.

माप

जुनी किटली फुटलेली असली तरी तिचं माप आठवत असेल किंवा तुकड्यांवरून कळत असेल तर ते आधी लिहून ठेवा. ती मोठी वाटायची की लहान? रोज किती कप व्हायचे?

दुकानदार जे मिलिलिटर सांगतात ते बहुधा काठोकाठ भरल्यावरचं असतं. प्रत्यक्षात तुम्ही तिच्या तीन चतुर्थांश इतकंच पाणी घालता, म्हणजे 300 मिलिची किटली खरं तर 220 ते 230 मिलि चहाची. शिवाय पाती पाणी धरून ठेवते. पाच ग्रॅम सेनचा, म्हणजे रोजच्या जपानी हिरव्या चहाची पाती, साधारण 20 ते 25 मिलि पाणी स्वतःकडे ठेवून घेते, ते कपात येत नाही.

जपानी चहाचा कप आपल्या मगासारखा नसतो, 70 ते 120 मिलिचा असतो. एकट्यासाठी 150 ते 200 मिलि, दोघांसाठी 250 ते 300, चौघांसाठी 360 ते 500 हे माप पुरतं. संभ्रम असेल तर लहान घ्या. नवखे हमखास उलटं करतात, पाहुणे येतील म्हणून मोठी घेतात. मोठ्या किटलीत थोडं पाणी घातलं की ते पसरून पातळ थर होतो, पाती नीट बुडत नाही. भरपूर घातलं तर सगळं कपांत मावत नाही, उरलेल्या पाण्यात पाती भिजत राहते आणि दुसरा घाणा कडू होतो. सेनचा एकाच पातीवर दोन-तीनदा करायचा असतो, म्हणून पाहुणे आले तर लहान किटलीत पुन्हा पाणी घालणं हाच सोपा मार्ग.

माप तपासायला किटली वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा आणि पाणी भरा. जितके ग्रॅम तितके मिलि.

पाती ठरवते जाळी

किटलीची निवड सगळ्यांत जास्त चुकते ती इथे. फोटोत बाहेरचं रूप दिसतं, जाळी आत असते. विक्रेत्याकडे आतला फोटो मागा, तो मिळत नसेल तर ती किटली सोडून द्या.

साधा सेनचा सुईसारखा लांबट असतो. फुकामुशी म्हणजे जास्त वेळ वाफवलेला सेनचा. वाफेने पान मऊ पडतं आणि पुढे वळताना त्याचा चुरा होतो. पाकिटाच्या तळाशी हिरवी पूड दिसली तर तुमच्याकडे बहुधा फुकामुशी आहे. ग्योकुरो सावलीत वाढवलेल्या झुडपांचा, कमी पाण्यात आणि कोमट तापमानाला करायचा. होजिचा भाजलेला, गेनमाइचात भाजलेले तांदूळ, दोन्ही जवळजवळ उकळत्या पाण्याचे.

जाळीचे मुख्य प्रकार चार.

पहिली, किटलीच्या अंगाचीच मातीची बारीक जाळी, हिला सासामे म्हणतात. तोटीच्या मुळाशी मातीत शेकडो बारीक छिद्रं पाडलेली असतात. गंजत नाही, सैल होत नाही, धातूचा संपर्क नाही. साध्या सेनचासाठी आमची पहिली पसंती हीच. छिद्रं तोटीच्या मुळाशी सपाट आहेत की पुढे फुगलेल्या गोलाकार भागावर, ते पाहा. फुगीर जाळीवर पाती सगळीकडून चिकटून बसत नाही, म्हणून ती कमी तुंबते.

दुसरी, किटलीच्या आत कमरपट्ट्यासारखी बसवलेली स्टीलची जाळी, ओबिआमी. क्षेत्रफळ मोठं असल्याने एक बाजू तुंबली तरी दुसरीकडून चहा निघतो. फुकामुशी पिणाऱ्यांनी हीच घ्यावी. तोटा एवढाच की जाळी सहसा काढता येत नाही, कडेला अडकलेले कण ब्रशने काढावे लागतात.

तिसरी, बाहेर निघणारी टोपली. धुवायला सोपी, बदलता येते, ऑफिसात सोयीची. पण टोपलीत पातीला उलगडायला जागा कमी पडते, आणि किटली अर्धीच भरली तर पाणी पातीपर्यंत पोचतही नाही. होजिचा आणि गेनमाइचाला ही चालते. सेनचासाठी घ्यायचीच असेल तर जवळजवळ तळापर्यंत जाणारी, रुंद टोपली शोधा.

चौथी, तोटीच्या मुळाशी पाच-सात मोठी भोकं. चिनी पद्धतीच्या किटल्यांत हे दिसतं. मोठ्या पानाच्या ऊलाँग चहाला उत्तम, सेनचाचा चुरा मात्र सरळ कपात.

दार्जिलिंग, कांगडा किंवा निलगिरीचा अखंड पानाचा हिरवा चहा तुम्ही पीत असाल तर यांतली कुठलीही जाळी चालेल, तिथे काटकसर करायला हरकत नाही.

दांडा कुठे असावा

बाजूला, तोटीशी काटकोनाच्या थोड्या आतल्या कोनात पोकळ दांडा, ही योकोदे. मनगट नुसतं वळवलं की चहा पडतो, अंगठा झाकणावर राहतो, शेवटचा थेंबही सहज निघतो. पण ही उजव्या हाताची आहे की डाव्या, हे बघूनच घ्या. बाजारात जवळपास सगळ्या उजव्या हाताच्या असतात. डावखुऱ्यांनी मागे दांडा असलेली उशिरोदे घ्यावी, ती दोन्ही हातांना चालते. वर कमानीसारखा दांडा असलेली मोठी किटली होजिचाची. घरात चार-पाच माणसं जेवणानंतर होजिचा पीत असतील तर ती उपयोगाची, एरवी नाही.

खर्च फारच कमी असेल तर दांडा नसलेल्या दोन प्रकारांचा जरूर विचार करा. होहिन म्हणजे दांडा नसलेली, तोटी आणि जाळी असलेली लहान किटली. शिबोरिदाशीला तोटीऐवजी काठाला चोच आणि आत नुसत्या खाचा असतात, पाती झाकण आणि काठ यांच्या फटीत अडते. भाग कमी म्हणून फुटायला कमी, धुवायला सोपी. मात्र धरायची अंगाला, त्यामुळे 70 अंशांच्या वर बोटं पोळतात. ग्योकुरो आणि कोमट पाण्याचा सेनचा पिणाऱ्यांनाच ही घ्या म्हणून सांगू.

माती, चिनी माती, काच, बीड

तोकोनामे हे जपानच्या आइची प्रांतातलं गाव, जपानच्या सहा प्राचीन भट्टीकेंद्रांपैकी एक. लोहयुक्त लाल मातीच्या, झिलई नसलेल्या क्यूसूंसाठी ते ओळखलं जातं. मिए प्रांतातल्या योक्काइचीची बांको भांडी जांभळट तपकिरी. दोन्ही ठिकाणची माती उच्च तापमानाला भाजून घट्ट होते, पाणी झिरपत नाही. या मातीने चहाचा तुरटपणा कमी होतो असं बरेच जाणकार मानतात. फरक असलाच तर बारीक आहे. पाण्याचं तापमान पाच अंशांनी चुकलं तर त्याहून कितीतरी मोठा फरक पडतो, म्हणून नवख्याने मातीच्या गुणांसाठी जास्त पैसे मोजू नयेत. तोकोनामे घ्यावी ती जाळी आणि झाकणाच्या कामासाठी.

साच्यात ओतलेली आणि चाकावर घडवलेली, असे दोन प्रकार याच गावांत मिळतात. साच्यातली स्वस्त असते आणि तिच्यात काही कमीपणा नाही. आतून साच्याची सांधरेघ दिसते, जाळी बहुधा स्टीलची असते, बाकी चहा तसाच होतो.

झिलई नसलेल्या किटलीचा एक नियम पक्का: तिच्यात दुधाचा, आल्याचा, मसाल्याचा चहा कधीही नाही, आणि भांडी धुवायचा साबणही नाही. खडबडीत मातीत वास आणि दुधाची चरबी बसली की निघत नाही. घरात सगळ्यांच्या हाती लागेल अशी किटली हवी असेल तर आतून झिलई असलेली चिनी मातीची घ्या. आरिता, हासामी या भागांत अशा किटल्या होतात. एकाच भांड्यात सेनचा, होजिचा, दार्जिलिंग सगळं करायचं असेल तेव्हाही हीच बरी, एका चहाचा वास दुसऱ्याला लागत नाही.

काच हा सर्वांत स्वस्त आणि शिकायला सर्वांत चांगला पर्याय. पाती कशी उलगडते, पाणी केव्हा रंगलं हे दिसतं. 1921पासून काचसामान करणाऱ्या हारिओसारख्या जपानी कंपनीच्या किटल्यांत रुंद टोपली येते. काच लवकर निवते, पण सेनचाला एक मिनिटच लागतं, त्यामुळे बिघडत नाही.

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, किटली दिसायला भारदस्त, म्हणून भेट द्यायला लोक हीच घेतात. इथे गल्लत होते. आतून एनॅमल असलेली बिडाची किटली चहा करायची, ती गॅसवर ठेवायची नाही, एनॅमल तडकतं. आतून कोरी असलेली मोठी किटली पाणी उकळायची, तिच्यात पाती घालायची नाही. शिवाय लहानशी किटलीही किलोच्या आसपास भरते. ठाण्यात आणि नवी मुंबईत जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की एनॅमल जिथे उडालं तिथे गंज धरतोच. बीड उष्णता फार वेळ धरतं, सेनचाला ते सोयीचं नाही. रोजच्या किटलीच्या जागी ही घेऊ नका.

आणि कमी भाजलेली साधी माती अजिबात नको. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं म्हणून ते गार राहतं, तोच गुण किटलीत दोष ठरतो: चहा झिरपतो, वास धरतो, पावसाळ्यात बुरशी येते.

कुठे शोधायची

तुर्भ्याच्या आयकियात काचेच्या किटल्या आणि स्टीलच्या गाळण्या हातात घेऊन बघता येतात. खरेदी दुसरीकडे करायची असली तरी आकाराचा अंदाज यायला ही फेरी उपयोगी. बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये आणि ठाण्यात गावदेवी मैदानावर प्रदर्शनं भरतात, तिथे चिनी मातीच्या भांड्यांचे स्टॉल असले तर उत्तर प्रदेशातल्या खुर्जाच्या किटल्या पाहायला मिळतात. खुर्जाची झिलईची किटली स्वस्त आणि मजबूत असते, आत जाळी मात्र क्वचितच. तोटीच्या मुळाशी भोकं मोठी असतील तर कपावर बारीक गाळणी धरून भागवा. अशी गाळणी जांभळी नाक्याच्या भांड्यांच्या दुकानांत सहज मिळते.

हाताने भांडी घडवणाऱ्या स्टुडिओ कारागिराकडून शिबोरिदाशी करवून घेणं हा आम्हाला फार आवडणारा मार्ग. जाळी पाडायची नसल्याने तिला मेहनत कमी लागते. दोन गोष्टी विचारा: माती स्टोनवेअरची, म्हणजे उच्च तापमानाला भाजून घट्ट होणारी, आहे का, आणि आतली झिलई खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित आहे का. आतून भडक रंगाची कोणतीही किटली, कुणाचीही असो, टाळा.

खरी तोकोनामे किंवा बांको हवी असेल तर ऑनलाइनशिवाय फारसा मार्ग नाही. भारतातल्या आयातदाराकडून घेतली तर किंमत जास्त दिसते, पण तीच शेवटची. थेट जपानहून मागवताना किटलीची किंमत, टपाल किंवा कुरिअर, कस्टम ड्यूटी, जीएसटी आणि कुरिअरचं हाताळणी शुल्क, एवढ्यांची बेरीज करा. स्वस्त किटलीच्या बाबतीत वरचा खर्च किटलीपेक्षा जास्त होऊ शकतो. दोघा-तिघांनी मिळून मागवली तर टपालखर्च विभागला जातो.

वर्णनात ‘जपानी पद्धतीची’ लिहिलं असेल तर ती जपानमध्ये बनलेली नाही असं धरून चला. त्यात वाईट काही नाही, मात्र मग जपानी किंमत देऊ नका. पाच कपांचा संच टाळा. घरात कप असतातच, आणि संचात पैसा कपांवर जातो.

हातात आल्यावर पाण्याची परीक्षा

दुकानात असाल तर पाणी मागा, पार्सल असेल तर खोका उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परत करायची मुदत संपायच्या आत हे सगळं करा.

झाकण बसवून बोटाने हलवा. किंचित फिरावं, खडखडू नये. तोटीचं टोक किटलीच्या काठाच्या पातळीला किंवा थोडं वर हवं. खाली असेल तर किटली भरतानाच पाणी तोटीतून बाहेर येतं. रिकाम्या किटलीचा दांडा धरून बघा: 250 ते 300 मिलिच्या मातीच्या किटलीचं वजन 200 ते 300 ग्रॅमच्या आसपास असेल तर मनगटाला ती झेपते.

आता तीन चतुर्थांश पाणी भरा, अंगठा झाकणावर ठेवा आणि ओता. धार सलग, गोल पडावी. ओतताना अचानक किटली सरळ करा: धार कापल्यासारखी थांबली तर तोटी चांगली, थेंब तोटीखालून अंगावर ओघळला तर वाईट. मग पूर्ण आडवी करून पाहा, झाकणाच्या कडेने पाणी सुटतं का. झाकणावरचं बारीक छिद्र बोटाने बंद केलं की धार मंदावली किंवा थांबली, तर झाकण नीट बसलं आहे. स्वस्त किटलीत ही शेवटची परीक्षा पूर्ण उतरली नाही तरी चालेल, ओघळणारी तोटी मात्र चालवून घेऊ नका. तो दोष रोज छळतो.

नव्या किटलीच्या तोटीला पारदर्शक प्लॅस्टिकची नळी लावलेली असते. ती प्रवासात टवका उडू नये म्हणून आहे, काढून टाका. बरेच जण ती तशीच ठेवतात, मग तिच्या आत चहा साचून काळा थर धरतो.

पहिला चहा

किटली कोमट पाण्याने दोन-तीनदा विसळा. साबण नको, पाती उकळून ‘तयार’ करायचीही गरज नाही.

पाणी कुठलं घेता यावर चव बरीच ठरते. नवी मुंबईत मोरबे धरणाचं नळाचं पाणी गाळून, उकळून वापरलं तर छान चहा होतो. घोडबंदर रस्त्यावरच्या ज्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येतं, तिथे जड पाण्याने सेनचा मळकट आणि निस्तेज होतो. तिथे प्यायचं फिल्टर केलेलं पाणी घ्या.

200 मिलि पाण्याला पाच ग्रॅम सेनचा, म्हणजे चहाचे दोन ते अडीच चमचे. पाणी 70 ते 75 अंश. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओता, दर वेळी साधारण दहा अंश उतरतात. पाणी उकळायच्या केटलीतून कपात, कपातून दुसऱ्या भांड्यात, तिथून क्यूसूत, एवढ्यात ते 70च्या आसपास येतं. कपांनी मोजल्यामुळे पाणीही बरोबर तेवढंच राहतं. झाकण लावा, एक मिनिट थांबा, किटली हलवू नका. फुकामुशीला तीस ते चाळीस सेकंद पुरे. ग्योकुरोला 50 ते 60 अंश आणि दोन मिनिटं. होजिचाला उकळतं पाणी, तीस सेकंद.

दोन कप असतील तर थोडं पहिल्यात, थोडं दुसऱ्यात, मग उलट क्रमाने, म्हणजे दोन्हींचा कस सारखा होतो. शेवटचा थेंब पडेपर्यंत ओता. नंतर झाकण थोडं सरकवून ठेवा, नाहीतर आतल्या वाफेने पाती शिजते. दुसऱ्यांदा पाणी 80 अंश आणि वेळ फक्त दहा ते पंधरा सेकंद, कारण पाती आधीच उलगडलेली असते.

काय बिघडतं आणि का

*धार बारीक झाली.* झाकणाचं छिद्र तुंबलंय का ते आधी बघा, ओल्या पातीचा एक कण पुरतो. ते मोकळं असेल तर जाळी तुंबली आहे. ओतून झाल्यावर किटलीच्या तोटीविरुद्ध बाजूला तळहाताने हलकी थाप मारा, पाती जाळीपासून सुटते. रोजच्या रोज मऊ टूथब्रशने आतून, आणि तोटीतून उलटं पाणी सोडून जाळी धुवा.

*झाकणातून गळतं.* झाकण फिरवून छिद्र तोटीच्या बाजूला आणा आणि पाणी कमी भरा. तरीही गळत असेल तर तुम्ही फार वेगाने आडवी करताय.

*दुसरा घाणा कडू.* पहिल्या वेळचं पाणी आत राहिलं होतं.

*जाळीवर तपकिरी थर.* एक चमचा खायचा सोडा 250 मिलि गरम पाण्यात घालून अर्धा तास ठेवा, ब्रश फिरवा, भरपूर विसळा. ब्लीच झिलई नसलेल्या मातीला लावू नका, ते मुरतं.

*पांढरा थर.* जड पाण्याचा क्षार. काच किंवा झिलईच्या किटलीत एक चमचा लिंबूसत्त्व 250 मिलि गरम पाण्यात, वीस मिनिटं. बिडाच्या किटलीला आंबट काही लावू नका.

*पावसाळ्यात कुबट वास.* किटली ओली असताना झाकण लावलं की हे होतंच. उकळतं पाणी घालून ओतून द्या, मग सोड्याचं पाणी, मग झाकण वेगळं ठेवून उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण एक दिवस. जुलै-ऑगस्टमध्ये रोज धुतल्यावर किटली उपडी न ठेवता तोंड वर करून, झाकण शेजारी ठेवून वाळवा. उपडी ठेवली की वाफ आतच कोंडते.

*पुन्हा फुटू नये म्हणून.* पाती काढताना किटली सिंकच्या काठावर आपटू नका, ओल्या कचऱ्याच्या डब्यावर तिरकी धरून अंगावर तळहाताची थाप मारा. उरलेली पाती पाण्याने विसळून काढा. सिंकमध्ये दुमडलेलं फडकं किंवा सिलिकॉनची चटई अंथरा, नळ बाजूला फिरवून घ्या, आणि बाकीच्या भांड्यांचा ढीग काढून झाल्यावर शेवटी ती एकटी धुवा. घरकामाला मदतनीस येत असतील तर क्यूसू सिंकमध्ये ठेवूच नका. साबण नको, हे त्यांना आधी सांगावं लागतं, आणि घाईत ते राहून जातं.